हौसेचे मोल : अमेरिकेतील हौशी अश्वस्पर्धांचा वाढता खर्च

‘ॲमॅच्युअर’ या शब्दासाठी मराठीत ‘हौशी’ हा प्रतिशब्द रूढ झाला आणि तो व्युत्पत्तीला धरूनच आहे, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रेम करणारा’ असा होतो आणि हौशी मनुष्य जे करतो ते आवडीपोटी करतो. खेळांच्या नियमपुस्तकांत मात्र या शब्दाचा अर्थ आवडीवरून ठरत नाही, पैशावरून ठरतो. खेळल्याबद्दल, शिकवल्याबद्दल किंवा सराव करून घेतल्याबद्दल जो मोबदला घेत नाही, तो हौशी. बुद्धिबळात किंवा धावण्यात या व्याख्येने फारसे बिघडत नाही, कारण तेथे मिळकत नसली तरी खर्चही बेताचाच असतो. घोडेस्वारीत स्पर्धकाबरोबर सुमारे पाचशे किलो वजनाचा आणि दिवसाला आठ-दहा किलो वाळलेले गवत खाणारा एक जोडीदार असतो, त्याला दर चार-सहा आठवड्यांनी नालबंद लागतो, आणि स्पर्धा असो वा नसो, त्याचा खर्च चालूच राहतो. हौसेला मोल नसते, असे मराठीत म्हणतात. अमेरिकेतील हौशी अश्वस्पर्धांचा इतिहास पाहिला तर हौसेला मोल असते, ते वर्षागणिक वाढते आणि ते ठरवण्याची एक पक्की व्यवस्थाही असते, असे दिसते.

या स्पर्धांना अमेरिकेत ‘हॉर्स शो’ म्हणतात. शब्दावरून घोड्यांच्या प्रदर्शनाचा भास होतो आणि आरंभी तसेच होतेही. आज मात्र त्यातील बहुतेक भाग स्वारीच्या स्पर्धांचा असतो. हौशी स्वार सर्वाधिक संख्येने दिसतात ते ‘हंटर’ आणि ‘जंपर’ या दोन शाखांत. दोन्हींत अडथळ्यांवरून उड्या असतात, पण गुण देण्याची रीत अगदी भिन्न आहे. जंपर प्रकारात हिशेब सरळ असतो : दांडी पडली की चार दोष, घोडा अडथळ्यापुढे अडला की चार दोष, आणि दोष समसमान असतील तर वेळेवर निकाल. हंटर प्रकार कोल्ह्यांच्या शिकारीतील घोडदौडीतून आलेला असून, घोड्याची चाल किती एकसारखी, उडी किती गोल आणि सहज, स्वभाव किती शांत हे पाहून परीक्षक शंभरपैकी गुण देतो. म्हणजे एक खेळ मोजण्याचा आहे, दुसरा पाहण्याचा. आणि जेथे निकाल पाहण्यावर अवलंबून असतो तेथे घोड्याच्या दिसण्यावर, आयाळीच्या वेण्यांवर आणि स्वाराच्या कोटावर खर्च होतच राहतो. तीन फूट, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर उंचीच्या अडथळ्यांचा ‘ॲडल्ट ॲमॅच्युअर’ हा गट प्रौढ हौशी स्वारांचा नेहमीचा गट होय. नोकरी सांभाळून आठवड्यातून तीन-चार दिवस तबेल्यात जाणारी माणसे त्यात असतात.

अमेरिकेतील सर्वांत जुनी अश्वस्पर्धा म्हणून व्हर्जिनियातील अपरव्हिल येथील स्पर्धेचा उल्लेख होतो. ती १८५३ साली सुरू झाली आणि तिचा हेतू आसपासच्या शेतकऱ्यांनी चांगली शिंगरे निपजवावीत, त्यांची नीट निगा राखावी एवढाच होता. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांची पारख होते, ती दृष्टी येथे होती. १८८३ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘नॅशनल हॉर्स शो’ भरू लागला आणि त्याने या खेळाला शहरी श्रीमंतांच्या हंगामी भेटीगाठींचे रूप दिले, तर १८९६ पासून पेनसिल्व्हेनियातील डेव्हन येथे भरणाऱ्या स्पर्धेत जत्रा आणि प्रतिष्ठा या दोहोंची सरमिसळ झाली. जागोजागच्या स्पर्धांचे नियम वेगवेगळे असल्याने १९१७ साली ‘अमेरिकन हॉर्स शोज असोसिएशन’ ही संघटना निघाली. तिचेच पुढे, ऑलिंपिक संघाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेशी २००३ साली विलीनीकरण होऊन ‘युनायटेड स्टेट्स इक्वेस्ट्रियन फेडरेशन’ हा आजचा महासंघ झाला. त्याचे मुख्यालय केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे आहे.

‘हौशी’ या शब्दामागे वर्गभेद किती खोल होता, हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील एका प्रकरणातून कळते. त्या काळी ऑलिंपिकच्या अश्वस्पर्धांत लष्करातील स्वारांपैकी अधिकाऱ्यांनाच भाग घेता येई, आणि गंमत अशी की सरकारी पगारावर, सरकारी घोड्यावर दिवसभर सराव करणारा अधिकारी हौशी गणला जाई, तर तेच काम करणारा हवालदार किंवा सार्जंट व्यावसायिक ठरे. स्वीडनच्या विजेत्या ड्रेसाज संघातील, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेतील, गेनाल पेर्सोन हा मूळचा सार्जंट. त्याला स्पर्धेपुरती अधिकारपदाची बढती दिली होती, हे उघड झाल्यावर संघाचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. नियम बदलल्यानंतर १९५२ साली हेलसिंकीत त्याच तिघांच्या संघाने सुवर्णपदक पुन्हा जिंकले. स्वार तेच आणि त्यांची विद्याही तीच. बदलली होती ती हौशीपणाची व्याख्या.

अमेरिकेच्या दृष्टीने १९४८ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. तोवर ऑलिंपिकमधील अमेरिकी स्वार कॅन्ससमधील फोर्ट रायली येथील घोडदळाच्या शाळेत तयार होत असत आणि घोडा, चारा, मोतद्दार, पशुवैद्य यांचा सारा भार लष्कर उचलत असे. घोडदळ मोडीत निघाले, १९५० साली नागरी संघ स्थापन झाला आणि हा भार प्रथम धनिक आश्रयदात्यांकडे व हळूहळू स्वारांकडे आला. तरीही पुढची काही दशके खेळाचे दार पुरते बंद झाले नव्हते. १९५६ साली हॅरी डीलेयर या स्वारीशिक्षकाने खाटिकखान्याकडे निघालेल्या ट्रकमधून नांगराचे काम केलेला एक पांढरा घोडा अवघ्या ८० डॉलरना सोडवून घेतला. ‘स्नोमॅन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या घोड्याने दोनच वर्षांत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये देशातील सर्वोच्च मान मिळवला. असे घोडे त्या काळीही विरळाच होते, हे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच : तेव्हाच्या स्पर्धा अशा घोड्याला आत येऊ देत होत्या. त्या काळातील बहुतेक स्पर्धा शनिवार-रविवारी गवताच्या मैदानावर भरत, गावातील मंडळ किंवा रुग्णालयाची मदतनिधी-समिती त्या भरवी, परीक्षकाला मानधन आणि जेवण मिळे, आणि स्वार सकाळी घोडा गाडीत चढवून संध्याकाळी घरी परतत असे.

हे चित्र पालटले ते ‘सर्किट’ नावाच्या पद्धतीने. एकाच मैदानावर सलग अनेक आठवडे स्पर्धा भरवायच्या आणि स्वारांनी घोड्यांसह तेथेच मुक्काम ठोकायचा, ही कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्लोरिडाच्या वेलिंग्टन गावाभोवती वाढली. उत्तरेकडे बर्फ पडत असताना तेथे जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत सुमारे तीन महिने हिवाळी महोत्सव चालतो. आयोजकाच्या दृष्टीने या पद्धतीचा फायदा उघड आहे, कारण रिंगण, तबेले, ध्वनिव्यवस्था आणि कर्मचारी एकदा उभे केले की दर आठवड्याला तेच भांडवल पुन्हा वापरता येते. मात्र तीन महिने रोज शेकडो घोडे उड्या मारणार असतील तर गवत टिकत नाही. त्याच्या जागी बारीक वाळूत कापडाचे तंतू, काही ठिकाणी मेणही मिसळून केलेली आणि खालून निचऱ्याची सोय असलेली कृत्रिम भूमी आली. ती घोड्याच्या सांध्यांना मानवते, पाऊस पडला तरी स्पर्धा थांबत नाही, आणि तिला रोज पाणी द्यावे लागते व यंत्राने विंचरावे लागते. स्वारांना अशा भूमीची एकदा सवय झाली की ते साध्या मैदानावर महागडा घोडा उतरवायला कचरतात, आणि मग लहान आयोजकालाही तसाच खर्च करावा लागतो किंवा दुकान बंद करावे लागते. २०२१ साली फ्लोरिडातील ओकाला येथे उघडलेल्या ‘वर्ल्ड इक्वेस्ट्रियन सेंटर’मध्ये तर वातानुकूलित रिंगणे आणि आवारातच उभे असलेले मोठे हॉटेल आहे. त्याच वर्षी वेलिंग्टनचे मुख्य संकुल युरोपातील गुंतवणूक-भांडवलाच्या पाठबळावर वाढलेल्या एका अश्वोद्योग समूहाने विकत घेतले. मंडळाच्या जत्रेपासून निघालेला हा प्रवास भांडवलावर परतावा मागणाऱ्या उद्योगापर्यंत आला आहे.

हौशी स्वाराच्या हाती आठवड्याच्या शेवटी जे बिल येते, ते समजून घेतल्याशिवाय हा विषय कळत नाही. त्यात सर्वांत वर असते गटशुल्क. उड्यांच्या तीन-चार फेऱ्या आणि उडीविना केवळ चाल पाहण्याची एक फेरी मिळून एक गट होतो आणि पूर्वी प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे भरता येत असत, ते आता बहुधा गटाचे एकदम भरावे लागतात. ज्याला दोनच फेऱ्या खेळायच्या आहेत त्यालाही सवलत नसते. त्याखाली तबेल्यातील खणाचे भाडे येते. स्वार शनिवारी येऊन रविवारी परतणार असला तरी खण आठवड्याचा घ्यावा लागतो. खणात अंथरण्यासाठी लाकडाच्या भुशाच्या गोण्या आयोजकाकडूनच घ्याव्या लागतात, कारण बाहेरून आणायला अनेक ठिकाणी मनाई असते. त्यानंतर कार्यालयशुल्क, आवारशुल्क, जंपर घोड्यांसाठी नामांकनशुल्क, सरावाच्या रिंगणाचे शुल्क, प्रथमोपचार पथकाचे शुल्क, गाडी उभी करण्याचे भाडे, महासंघाचे शुल्क आणि घोड्यांच्या उत्तेजकचाचणीचे शुल्क अशी रांग लागते. यातील प्रत्येक रक्कम एकेकटी पाहिली तर किरकोळ वाटते, आणि नेमके त्यामुळेच ती वाढवणे सोपे जाते : गटशुल्क वाढवले तर ओरड होते, पण कार्यालयशुल्क थोडे वाढले तर कोणाचे लक्षही जात नाही.

आयोजकाचे बिल येथे संपते, स्वाराचे संपत नाही. घोडा नेण्याचे भाडे अंतराच्या हिशेबाने द्यायचे असते, आणि न्यू जर्सी ते वेलिंग्टन हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर भरते. प्रशिक्षक प्रत्येक दिवसाचे मानधन घेतो, शिवाय त्याच्या प्रवासाचा आणि निवासाचा खर्च त्याच्या सर्व शिष्यांत वाटला जातो. मोतद्दाराचे असेच असते. खोगीर-लगाम ठेवायला घेतलेल्या जादा खणाचे भाडेही सर्वांनी मिळून भरायचे. हंटर घोड्याच्या आयाळीच्या आणि शेपटीच्या बारीक वेण्या घालण्याचे काम करणारे कारागीर वेगळेच असतात. ते रात्री उशिरा सुरुवात करून पहाटेपर्यंत शिडीवर उभे राहून एकेका घोड्याच्या मानेवर तीस-चाळीस वेण्या घालतात, आणि घोड्याने मान भिंतीला घासून त्या विस्कटल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा घालतात. हे कौतुकास्पद आणि कंबर मोडणारे काम आहे व त्याचा मोबदला कोणी नाकारू नये. पण वेण्यांनी घोडा एक इंचही उंच उडत नाही, हेही खरे. हॉटेल आणि जेवण धरून मोठ्या स्पर्धेच्या एका आठवड्याचा एकूण खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो आणि त्यात गटशुल्काचा वाटा लहानच असतो. तीन फूट उंचीच्या गटातील एखाद्या फेरीचे पहिले बक्षीस मात्र अनेकदा मोजक्या डॉलरांचे असते.

बक्षिसाचा हा प्रश्न जरा थांबून पाहण्यासारखा आहे. जाहिरातींत झळकणारी लाखो डॉलरची बक्षिसे ‘ग्रां प्री’ या सर्वोच्च उंचीच्या जंपर स्पर्धेची असतात. तेथे अडथळे १.६० मीटरपर्यंत असतात आणि उतरणारे स्वार बहुतांशी व्यावसायिक असतात. त्या बक्षिसांचा एक भाग प्रायोजक देतात. परंतु आठवडाभर मैदान भरलेले ठेवणारे, खण भाड्याने घेणारे आणि बिले चुकती करणारे घोडे मुख्यतः हौशी आणि कनिष्ठ गटांतले असतात. व्यावसायिक स्वाराला या आठवड्यातून मानधन, घोड्याच्या खरेदी-विक्रीतील दलाली आणि कधी बक्षीसही मिळते. हौशी स्वार केवळ देतो. अमेरिकी अश्वस्पर्धांचे अर्थकारण हौशांच्या खिशावर उभे आहे, आणि म्हणून शुल्कवाढीचा विचार व्यावसायिकांच्या सोयीने होतो तेव्हा या खेळाचा पायाच दुर्लक्षिला जातो.

हौशाने हा खर्च थोडासा भरून काढायचे ठरवले, तर नियम आडवा येतो. महासंघाच्या नियमानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्वाराने दुसऱ्याचा घोडा पैसे घेऊन फिरवला, कोणाला स्वारी शिकवली किंवा घोडा तयार करून दिला, तर त्याचे हौशीपण जाते आणि त्याला व्यावसायिकांच्या गटांत उतरावे लागते. समाजमाध्यमांवरील जाहिरातींसारख्या काही मार्गांना अलीकडच्या दुरुस्त्यांनी मुभा दिली आहे, पण स्वारीच्या मोबदल्याला नाही. या नियमाचा हेतू न्याय्य आहे, कारण दिवसाला आठ घोडे फिरवणाऱ्या माणसाबरोबर बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाची स्पर्धा लावणे बरोबर नाही. परिणाम मात्र उलटा होतो. तबेल्यात राबून, इतरांचे घोडे फिरवून जो गरीब पण गुणी तरुण आपला खर्च भागवू शकला असता तो व्यावसायिक ठरतो, आणि ज्याला काम करावेच लागत नाही, जो रोज चार घोड्यांवर सराव करू शकतो, तो श्रीमंत स्वार कायम हौशी राहतो. पेर्सोनच्या काळातील अधिकारी आणि सार्जंट यांच्यातील रेघ पुसली गेली खरी, पण ती निराळ्या शाईने पुन्हा ओढली गेली आहे. ‘ॲमॅच्युअर-ओनर’ या वरच्या गटात तर घोडा स्वाराच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या मालकीचा असणे सक्तीचे असते. घोडा वर्षाच्या कराराने भाड्याने घेणे, ज्याचा प्रघाती दर घोड्याच्या किमतीच्या सुमारे एकतृतीयांश असतो, हाही मार्ग तेथे बंद होतो.

स्वार कमी स्पर्धा खेळून पैसे वाचवू शकत नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. वाचवू शकतो, पण मग वर्षअखेरीच्या मानाच्या स्पर्धा विसराव्या लागतात. शरद ऋतूत बंदिस्त सभागृहांत भरणाऱ्या पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन परिसर, केंटकी येथील मोठ्या स्पर्धांत प्रवेश मिळतो तो वर्षभरात जमवलेल्या गुणांवर, आणि गुण जमतात ते अधिक आठवडे, अधिक वरच्या दर्जाच्या स्पर्धांत खेळल्याने. महासंघ स्पर्धांना दर्जा देतो. पूर्वी ‘एए’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी अक्षरे होती, आता ‘प्रीमियर’, ‘नॅशनल’, ‘रीजनल’, ‘लोकल’ अशी नावे आहेत. जितका दर्जा मोठा तितके गुण अधिक, आणि त्या दर्जासाठी आयोजकाने द्यावयाची बक्षिसे आणि पुरवावयाच्या सोयीही अधिक. परिणामी आयोजक वरच्या दर्जाकडे आणि स्वार गुणांकडे धावतात, मधल्या दर्जाच्या, परवडणाऱ्या स्पर्धा ओस पडतात.

त्यात भर घालणारी तरतूद म्हणजे ‘मायलेज रूल’, अर्थात अंतराचा नियम. एका आयोजकाला एखाद्या आठवड्याची तारीख मिळाली की ठरावीक अंतराच्या आत त्याच दर्जाची दुसरी स्पर्धा त्या आठवड्यात भरवता येत नाही. दोन स्पर्धांनी एकमेकींचे स्वार पळवून दोघींचे नुकसान करू नये, दर्जा टिकावा, हे समर्थन. फ्लोरिडातील एका आयोजकाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो, असा दावा लावला. २००६ साली संघराज्यीय अपील न्यायालयाने हौशी क्रीडाविषयक कायद्याने राष्ट्रीय महासंघाला दिलेल्या अधिकारांचा आधार घेऊन महासंघाच्या बाजूने निकाल दिला. त्या कायद्याचे मूळ १९७८ चे असून प्रत्येक ऑलिंपिक खेळासाठी एकच राष्ट्रीय नियामक संस्था असावी, हे त्याचे सूत्र आहे. खेळाचा दर्जा टिकवायला असा अधिकार लागतो, हे मान्य करता येते. पण जवळपास प्रतिस्पर्धी नसलेल्या विक्रेत्याला भाव कमी करण्याचे कारण उरत नाही, हे बाजारात भाजी घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

खर्चवाढीचा सगळा दोष आयोजकांच्या पदरात टाकणे मात्र अन्यायाचे होईल. काही खर्च घोड्यांच्या आणि माणसांच्या हितासाठीच वाढले. राज्याची हद्द ओलांडणाऱ्या घोड्याकडे ‘कॉगिन्स’ चाचणीचा दाखला लागतो. घोड्यांतील संसर्गजन्य रक्तक्षय ओळखणारी ही चाचणी १९७० च्या सुमारास लिरॉय कॉगिन्स या पशुवैद्यकीय संशोधकाने विकसित केली आणि तिने त्या असाध्य रोगाचा फैलाव आटोक्यात आणला. इन्फ्लुएन्झा आणि हर्पिस विषाणूंवरील लस सहा महिन्यांच्या आत दिलेली असावी, ही अट महासंघाने २०१५ च्या अखेरीस लागू केली. २०१८ साली झालेल्या कायद्याने खेळांतील लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी प्रशिक्षणाची आणि तक्रारींच्या स्वतंत्र चौकशीची व्यवस्था बंधनकारक केली, आणि तिच्या खर्चाचा काही भाग क्रीडा महासंघांकडून, म्हणजे अखेर सभासदांच्या वर्गणीतून येतो. या शुल्कांबद्दल कुरकुर करणाऱ्यांनी त्याआधीची स्थिती आठवावी.

त्याखेरीज साधी महागाई आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील वार्षिक महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर पोहोचला आणि डिझेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेले. घोड्याची गाडी डिझेलवर चालते, गवत कापणारे यंत्र डिझेलवर चालते आणि ते गवत तबेल्यापर्यंत आणणारा ट्रकही. जमीन महागली, विम्याचे हप्ते चढले, तबेल्यात काम करायला माणसे मिळेनाशी झाली. घोडाही बदलला. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे एके काळी हंटर आणि जंपर गटांचा कणा होते आणि ते स्वस्तात मिळत. त्यांची जागा जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये खास या खेळासाठी पैदास केलेल्या ‘वॉर्मब्लड’ घोड्यांनी घेतली, जे विमानाने आणावे लागतात आणि उतरल्यावर विलगीकरणात ठेवावे लागतात. करांच्या बाबतीतही हौशाची बाजू लंगडी आहे. अमेरिकी करकायद्यात घोड्यांच्या धंद्याला सातांपैकी दोन वर्षे नफा दाखवला तरी व्यवसाय मानण्याची खास सवलत आहे, तर इतर धंद्यांना पाचांपैकी तीन वर्षे नफा दाखवावा लागतो. पण जो निव्वळ हौशी आहे त्याला त्या सवलतीचा उपयोग नाही, आणि छंदातून झालेल्या किरकोळ उत्पन्नातून छंदाचा खर्च वजा करण्याची मुभाही २०१८ पासून राहिलेली नाही. अमेरिकेतील घोड्यांची अंदाजित संख्या २००५ मध्ये सुमारे ९२ लाख होती, ती २०१७ मध्ये ७२ लाखांवर आली. या घसरणीची कारणे अनेक आहेत, पण घोडा बाळगणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जात असल्याचे ते एक चिन्ह आहेच.

भारतात या खेळाचा आकार लहान असला तरी प्रश्न ओळखीचा आहे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारात १९४२ पासून ‘ॲमॅच्युअर रायडर्स क्लब’ आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे आपल्याकडे अजूनही या खेळात दिसतात, त्यामुळे सुरुवात तुलनेने स्वस्त पडते. पण आंतरराष्ट्रीय पातळी गाठायची तर हिशेब बदलतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोउच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले. त्या संघातील अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांनीही युरोपात राहून, तेथील घोड्यांवर तयारी केली होती. रोगमुक्तीच्या निकषांमुळे भारतातून घोडे परदेशी स्पर्धांना नेणे दुरापास्त होते. मीरत येथील लष्करी पशुवैद्यकीय केंद्रातील रोगमुक्त विभागाला २०२५ साली जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्याने तो मार्ग आता खुला होऊ लागला आहे. तोवर भारतीय स्वाराचा खर्च युरोपच्या भावाने मोजला जात होता.

अमेरिकेत या चक्रातून बाहेर पडण्याचे मार्ग आहेत, आणि ते नवे नाहीत. दर्जाविना भरणाऱ्या ‘स्कूलिंग शो’ या सरावस्पर्धा, जिल्ह्याच्या जत्रांतील ‘फोर-एच’ या युवासंघटनेच्या मुलांच्या स्पर्धा, १९५४ पासून चालणारे पोनी क्लब हे सारे आजही स्वस्त आहे; त्यांना प्रतिष्ठा नाही इतकेच. सर्वांत विचारपूर्वक आखलेली पद्धत महाविद्यालयीन स्पर्धांची आहे. १९६७ साली बॉब काचिओनी या विद्यार्थ्याने न्यू जर्सीतील फेअरली डिकिन्सन विद्यापीठात सुरू केलेल्या ‘इंटरकॉलेजिएट हॉर्स शो असोसिएशन’च्या स्पर्धेत कोणीही स्वतःचा घोडा आणत नाही. यजमान महाविद्यालय घोडे आणि खोगिरे पुरवते, स्वार चिठ्ठी काढतो, जो घोडा नशिबी येईल त्यावर जवळपास काही सराव न करता बसतो आणि परीक्षक घोड्याला नव्हे, स्वाराला गुण देतो. शालेय मुलांसाठी २००२ पासून याच नमुन्याची दुसरी संघटना आहे. श्रीमंत बापाचा मुलगा आणि शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलगी चिठ्ठीने आलेल्या अनोळखी घोड्यांवरच बसतात, आणि मग कोणाला स्वारी येते ते सगळ्यांना दिसते. हंटर रिंगणातील वेण्या, आयात केलेला घोडा आणि बारा आठवड्यांचा फ्लोरिडामुक्काम यांतले काहीही तेथे उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांत मुलांना घोडेस्वारीची ओढ लागली असेल, त्यांनी स्पर्धेच्या माहितीपुस्तिकेकडे जरा नीट पाहावे. तिला इंग्रजीत ‘प्राइझ लिस्ट’, म्हणजे बक्षिसांची यादी म्हणतात; बक्षिसे पहिल्या पानांवर ठळक अक्षरांत असतात आणि शुल्के मागच्या पानांवर बारीक अक्षरांत. वाचायला सुरुवात मागच्या पानापासून करावी, आणि प्रशिक्षकाकडून संपूर्ण आठवड्याचा आकडा घोडा गाडीत चढवण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावा.